पुरेसा आवाज

व्यापारी घरात मापाला मान असतो. दुकानाचे कुलूप उघडल्यापासून गल्ला मोजून दिवा मालवेपर्यंत मीटर, किलो, डझन आणि टक्का यांच्याशी हात व मन दोन्ही बांधलेले असतात. ताग्यात वीतभर कापड कमी भरले तरी ते बोटांना आधी कळते. हाच व्यापारी ग्राहक होऊन विजेच्या वस्तूंच्या दुकानाची पायरी चढतो, तेव्हा मात्र त्याचे माप पुष्कळदा घरीच राहते. खोक्यावर मोठा आकडा छापलेला असतो, विक्रेता आवाज वाढवून दाखवतो, छातीत धडधड होते आणि सौदा ठरतो. महिनाभराने लक्षात येते की हादरा भरपूर आहे; पडद्यावरची माणसे काय बोलतात ते मात्र कळत नाही.

होम थिएटरचा प्रश्न आता हौशी घरांपुरता राहिलेला नाही, याचे कारण टीव्हीच्या रचनेत आहे. जुन्या पेटीसारख्या संचाला काचेच्या नळीमुळे भरपूर खोली होती. स्पीकरला हवा ढकलण्यास जागा मिळत असे आणि त्याचे तोंड बहुधा प्रेक्षकांकडे असे. आजचा संच दोन-चार बोटे जाडीचा. त्यातले स्पीकर लहान, आणि बहुधा खाली किंवा मागे तोंड केलेले. आवाज आधी भिंतीवर किंवा टेबलावर आपटतो आणि मग कानाशी येतो. चित्र भिंतभर झाले आणि आवाज पातळ झाला, अशी ही विषम वाढ आहे.

पुण्यातील एका कापडव्यापारी घराचे उदाहरण घेता येईल. दुकान लक्ष्मी रस्त्यावर, राहणे चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. दिवाणखाना १२ फूट बाय १४ फूट. घरात आजी, त्यांचे दोन मुलगे, सुना आणि अभियांत्रिकी शिकणारा एक नातू. दुकान साडेआठला बंद होते. पुरुषमंडळी सूर्यास्तापूर्वीचे जेवण डब्यात दुकानीच उरकतात, आजींचे प्रतिक्रमण तोवर आटोपलेले असते. त्यामुळे नऊ ते दहा हा एकच तास असा, की ज्यात सारे घर एका खोलीत बसते. कधी एखादा जुना चित्रपट, कधी मालिका, चातुर्मासात प्रवचनाचे मुद्रण. मोठा टीव्ही आल्यापासून या तासातून आजी हळूहळू उठू लागल्या. विचारले तर म्हणत, “झोप येते रे आता.” पण खोलीत त्यांचा दिवा अकरापर्यंत जळत असे.

खरे कारण धाकट्या सूनबाईंच्या ध्यानात आले. पडद्यावर विनोद होई, सगळे हसत, आणि आजी शेजारच्याला विचारत, “काय म्हणाला?” उत्तर मिळेपर्यंत पुढचे दृश्य आलेले असे. असे दोन-तीनदा झाले की त्या विचारणे सोडून देत, आणि नंतर बसणेही. वाढत्या वयात प्रथम उणावतात ते उंच स्वर. शब्दाला आकार देणारी व्यंजने, विशेषतः ‘स’, ‘श’, ‘त’, ‘फ’ यांसारखी, याच उंच पट्ट्यावर अवलंबून असतात. म्हणून वृद्ध माणसाला आवाज ऐकू येतो, पण शब्द सुटा होत नाही. आवाज वाढवून हे सुधारत नाही. त्याने पार्श्वसंगीतही तेवढेच वाढते.

घराने दोन गोष्टी एकदम ठरविल्या. पहिली, आजींचे कान तज्ज्ञाकडून तपासून घ्यायचे. कोणताही ध्वनिसंच श्रवणयंत्राची जागा घेऊ शकत नाही, आणि कानाचा दोष खोलीवर ढकलणे योग्य नाही. दुसरी, टीव्हीसाठी स्पीकर घ्यायचे, आणि त्यांवर २५,००० रुपयांपेक्षा एक रुपया अधिक खर्च करायचा नाही.

ही दुसरी मर्यादा नुसती तंगीची खूण मानणे चुकीचे ठरेल. श्रावकाच्या पाचव्या अणुव्रतात परिग्रहाचे परिमाण आधी बांधून घेण्यास सांगितले आहे, आणि त्यात जमीन, सोने, धान्य यांबरोबर ‘कुप्य’ म्हणजे घरगुती सामानसुमानही मोजलेले आहे. परिमाण वस्तू पाहण्यापूर्वी ठरवायचे असते, कारण वस्तू समोर आल्यावर इच्छा स्वतःचे माप स्वतः लिहू लागते. या घरातील थोरल्या काकांनी आकडा कागदावर लिहिला आणि त्याखाली नोंदी केल्या: स्पीकर, तारा, भिंतीवरील फळी, बसविण्याची मजुरी, आणि खोलीसाठी काही लागले तर ते. स्वस्त संच घेतलेल्या अनेक घरांचा हिशेब चुकतो तो या वरखर्चातच.

त्यानंतर आली मापाची परीक्षा. खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला आकडा वॉटचा असतो. त्यात ‘पीएमपीओ’ अशी अक्षरे असतील तर तो आकडा बाजूला ठेवावा. क्षणार्धाच्या शिखरावर संच किती शक्ती दाखवू शकेल याचा तो दावा आहे. तो मोजण्याची सर्वमान्य रीत नाही. पाहावयाचा तो ‘आरएमएस’चा, म्हणजे सलग पेलता येणाऱ्या शक्तीचा आकडा, आणि तोही किती विकृतीला मोजला आहे ते वाचावे. दहा टक्के विकृतीला मोजलेले वॉट कागदावर मोठे दिसतात, कानाला मात्र फाटलेले वाटतात. कमी-अधिक मापे वापरणे हा अचौर्य अणुव्रताचा अतिचार म्हणून सांगितलेला आहे. ज्यांच्या तराजूवर वैधमापन खात्याचा शिक्का असतो, त्यांनी खरेदी करतानाही शिक्क्याचे माप मागावे.

वॉटविषयी आणखी एक गैरसमज आहे. शक्ती दुप्पट केली म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. कानाला आवाज दुप्पट वाटावा यासाठी सुमारे १० डेसिबलची वाढ, म्हणजे दहापट शक्ती लागते. याउलट स्पीकरची ‘संवेदनशीलता’ नावाची एक संख्या असते: एक वॉट दिला असता एक मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो ती. ८५ ऐवजी ८८ डेसिबलचा स्पीकर तेवढाच आवाज निम्म्या शक्तीत देतो. अशा स्पीकरचा एका वॉटचा आवाज उघड्या जागेतही तीन मीटरवर सुमारे ७८ डेसिबल भरेल. दोन माणसांचे साधे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते. म्हणजे १२ फुटी खोलीत हजार वॉटचे प्रयोजनच उरत नाही. थोड्या भांडवलात चोख उलाढाल करणाऱ्यांना हे गणित समजावून सांगावे लागू नये.

संख्यांची दुसरी जोडी ‘२.१’, ‘३.१’, ‘५.१’ अशी असते. पहिला अंक स्पीकर किंवा वाहिन्यांचा. बिंदूनंतरचा ‘१’ हा केवळ गंभीर स्वरांसाठीच्या सबवूफरचा. ५.१ मध्ये समोर डावा, मधला व उजवा, आणि श्रोत्याच्या बाजूला किंचित मागे दोन, अशी रचना असते. चित्रपटाचे ध्वनिमिश्रण करताना संवाद मुख्यतः मधल्या वाहिनीवर ठेवलेले असतात. हे एक वाक्य लक्षात ठेवले की निम्मी निवड झाली. ज्या संचात मधला स्पीकर स्वतंत्र आणि दर्जेदार आहे, तो संच माणसांचे बोलणे सुटे करून देतो. २.१ मध्ये संवाद डाव्या-उजव्यातून विभागून येतात. मध्यभागी बसणाऱ्याला ते ठीक वाटतात, कडेला बसणाऱ्याचा तोल जातो. आणि घरातील वडीलधारे बहुधा कडेच्या खुर्चीतच बसतात.

नातवाचा आग्रह ५.१ साठी होता, आणि तो अवाजवी नव्हता. पण मागील स्पीकर श्रोत्याच्या बाजूने थोडे मागे, समोरच्या दिशेपासून सुमारे ११० अंशांवर असावे लागतात. या दिवाणखान्यात सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, एका हाताला गॅलरीचे दार, दुसऱ्या हाताला स्वयंपाकघराची वाट. तेथे ते दोन स्पीकर कोठे तरी टांगले गेले असते आणि त्यांचे पैसे मधल्या स्पीकरच्या दर्जातून कापले गेले असते. ठरलेल्या रकमेत पाच हलके स्पीकर घ्यावेत की तीन चांगले, असा खरा प्रश्न होता. सोफा भिंतीपासून तीन-चार फूट पुढे ओढता येणाऱ्या घरात याचे उत्तर वेगळेही येऊ शकेल.

मर्यादित रकमेत तीन मार्ग मोकळे असतात. पहिला साउंडबारचा: टीव्हीखाली एक लांब पट्टी, सोबत बहुधा सबवूफर, तारा कमी, जागा कमी. यात ३.१ म्हणजे मधली वाहिनी स्वतंत्र असलेला प्रकार संवादासाठी बरा. दुसरा, एका खोक्यात सारे देणारा तयार संच. मांडणी सोपी, पण त्यातील एक भाग बिघडला तर बाहेरचा भाग जोडता येईलच असे नाही. तिसरा, रिसीव्हर आणि वेगळे स्पीकर. याची सुरुवात महाग, परंतु आज दोन किंवा तीन स्पीकर, पुढे ऐपतीप्रमाणे आणखी, अशी वाढ करता येते. चौथा मार्ग कोणी सांगत नाही: माळ्यावर पाहावे. अनेक घरांत जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर आणि लाकडी पेटीतले दोन स्पीकर कापडात बांधून ठेवलेले असतात. ते चालू स्थितीत असतील, तर टीव्हीच्या आवाजाची वाट त्यांच्याकडे वळवून केवळ तारेच्या खर्चात आजच्या टीव्हीपेक्षा कितीतरी भरदार आवाज मिळतो.

तारेबाबतही एक दक्षता हवी. वेगळे स्पीकर घेतल्यास एवढ्या खोलीला १६ गेजची साधी तांब्याची तार पुरते. सोनेरी वेष्टनाच्या महागड्या तारेने काही साधत नाही. मात्र ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार तांब्याची म्हणून विकली जाते. टोक खरवडून पाहिले की आतील पांढरा धातू दिसतो. खऱ्यात खोटे मिसळून विकण्याला जुन्या ग्रंथकारांनी ‘प्रतिरूपक व्यवहार’ म्हटले आहे. नाव जुने आहे, माल नवा.

दुकानात जाण्यापूर्वी टीव्हीच्या मागची बाजू पाहावी. ‘एचडीएमआय एआरसी’ असे लिहिलेले छिद्र असेल तर एकाच तारेने आवाज संचाकडे जातो आणि बहुधा टीव्हीच्याच रिमोटने तो कमी-जास्त करता येतो. घरात वृद्ध माणूस असेल तर ही सोय मोठी. ते नसल्यास ‘ऑप्टिकल’ जोडणी चालते; तिच्यातून ५.१ पर्यंतचा आवाज जातो, त्यापुढील नवे प्रकार जात नाहीत. जोडणी झाल्यावर टीव्हीच्या सेटिंगमध्ये ध्वनीचा पर्याय ‘पीसीएम’ वरच राहिला, तर संच कितीही चांगला असला तरी बहुधा त्याला दोनच वाहिन्या मिळतात. तो ‘ऑटो’ किंवा ‘बिटस्ट्रीम’ करावा.

तपकीर गल्लीच्या बाजारात हे घर आजींना घेऊन गेले. विक्रेत्याने सवयीने मारामारीचे दृश्य लावले. सूनबाईंनी ते थांबवून बातम्या लावण्यास सांगितल्या, आवाज अगदी कमी करविला आणि आजींची खुर्ची दुकानाच्या दुसऱ्या टोकाला, जरा कडेला ठेवविली. मोठा आवाज कोणताही संच काढतो. हळू आवाजात शब्द ओळखू येतो की नाही, हीच खरी कसोटी. तीन संच झाले. तिसऱ्या वेळी आजी म्हणाल्या, “या डब्यातला माणूस तोंड उघडून बोलतो बघ.” तो ३.१ चा, मधल्या किमतीचा होता. नातवाने पसंत केलेल्या संचाच्या निम्मेही वॉट त्याच्या खोक्यावर नव्हते.

खर्चातून ३,५०० रुपये उरले. ते दुसऱ्या, अधिक मोठ्या सबवूफरला न देता खोलीला दिले गेले. कापडव्यापाऱ्याला हे कळायला वेळ लागला नाही. तुळशीबागेतील भांड्यांच्या दुकानात एक वाटी पडली तर दुकानभर घुमते. ताग्यांनी भरलेल्या दुकानात रस्त्याचा कलकलाटही उंबऱ्याशी मंदावतो. उघड्या फरशीची, काचेच्या खिडक्यांची, रिकाम्या भिंतींची खोली ही भांड्यांचे दुकान असते. मधोमध उभे राहून एक टाळी वाजवावी. तिची शेपटी ऐकू आली तर स्पीकर बदलण्याआधी खोली बदलावी. जाड पडदा, सतरंजी, गादी, पुस्तकांनी भरलेले कपाट यांनी उंच स्वरांचे प्रतिध्वनी शोषले जातात आणि शब्द स्वच्छ होतो. या घरी पडदा दुकानातल्याच जाड कापडाचा शिवला गेला.

राहता राहिला सबवूफर, आणि त्याच्यासोबत शेजारधर्म. उंच स्वर भिंतीत पुष्कळसे अडतात. गंभीर स्वर भिंत आणि जमीन ओलांडून जातात. कोपऱ्यात ठेवलेला सबवूफर अधिक घुमतो, फरशीवर थेट ठेवला तर खालच्या मजल्याच्या छताला हादरा देतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, आणि रात्र १० ते सकाळी ६ अशी धरलेली आहे. परंतु कायद्याआधी प्रश्न अहिंसेचा आहे. वर्षभर खालच्या घरातील आजाऱ्याची किंवा परीक्षेला बसलेल्या मुलाची झोप मोडायची आणि संवत्सरीला जिना उतरून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणायचे, हे क्षमेचे चलन स्वस्त करणे होय. सबवूफर कोपऱ्यातून बाहेर काढावा, खाली जाड रबराचे तुकडे ठेवावेत, त्याची पातळी संगीताला आधार देईल एवढीच असावी. बहुतेक संचांत ‘नाइट मोड’ असतो. तो स्फोट दाबतो आणि कुजबुज वर आणतो. रात्री तो चालू ठेवावा. दहानंतर सबवूफर बंद, असा या घराचा नियम झाला, आणि तो नातवानेच सुचविला. मागील स्पीकरविषयी त्याचा आग्रह अजून सुटलेला नाही. पुढील वर्षी सोफा हलवता आला तर पाहू, असे काकांनी त्याला सांगितले आहे.

आजी आता नऊला येऊन बसतात. त्यांना सगळे ऐकू येते असे नाही. वेगाने बोलणारी नवी मालिका त्यांना अजून निसटते, आणि कानतज्ज्ञाने सुचविलेले श्रवणयंत्र लावण्याचा कंटाळाही त्या करतात. पण विनोद झाला की सर्वांबरोबर हसतात, शेजारच्याला विचारून मागून हसत नाहीत.

मनोरंजन हा भोग आहे, आणि भोगाचे समर्थन कितीही केले तरी तो भोगच राहतो, हे गृहस्थाने स्वतःशी मान्य करावे. श्रावकाला त्याचे परिमाण सांगितले आहे. गरजेहून अधिक भोगसाधने जमविणे हा अनर्थदंड-विरमण व्रताचा अतिचार मानला आहे. ‘बजेट’ हा शब्द बाजारात जरा ओशाळून उच्चारला जातो, जणू ज्याला अधिक परवडत नाही त्याची ती पायरी. जैन घरात तो ओशाळवाणा वाटण्याचे कारण नाही. आधी रक्कम बांधावी, मग घरात कोणाला काय ऐकू येत नाही ते विचारावे, मग खोली मोजावी, आणि शेवटी दुकानात जावे. हा क्रम उलटा झाला की खोके मोठे येते आणि घरातील एक माणूस उठून आपल्या खोलीत जातो. दिवाळीला वहीपूजन करताना वर्षाच्या मोठ्या खरेदीसमोर एक प्रश्न लिहून ठेवावा: ही वस्तू कोणाच्या उपयोगी पडली? त्यापुढे घरातील माणसाचे नाव लिहिता आले, तर तो खर्च जमेला धरण्यास हरकत नाही.